स्टेशनचे पहिले दार

"सावंतकाका, एकदा पाहिलेला क्षण यंत्र पुन्हा दाखवत नाही. कृपा करून गप्प बसा!" कुमुद फणसे यांनी चौथ्यांदा बजावले.

कालदर्शकाच्या पडद्यावर खारवलीत आलेली पहिली आगगाडी थांबत होती. गावाचा इतिहास लिहिणाऱ्या कुमुदबाईंचा वीस वर्षे अडलेला प्रश्न आता सुटणार होता: स्टेशनचे पहिले दार पूर्वेला होते की पश्चिमेला?

"पूर्वेलाच! आमचे आजोबा सांगायचे," सावंत गरजले.

"आजोबा तेव्हा जन्मले तरी होते का?" पश्चिमेची बाजू घेणारे गोगटे तावातावाने उठले, ते नेमके पडद्यासमोर.

कुमुदबाईंनी त्यांना दंडाला धरून खाली बसवले, तोवर पडदा कायमचा पांढरा झाला होता.

दोघांनी आयुष्यात प्रथमच एका सुरात विचारले, "बाई, तुम्ही तरी पाहिलंत ना?"