दोन विरुद्ध एक

एडक्यानं पोटात ढुशी दिल्यापासून मल्हारी वाकून चालत होता. दौंडच्या सोनोग्राफीत काहीच निघालं नाही. शिरूरच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र प्लीहा फाटलेली दिसली. "सोनोग्राफीत कधीकधी निसटतं. ऑपरेशन आजच करू," डॉक्टर म्हणाले.

पंधरा वर्षं ग्रामपंचायतीत काढलेल्या थोरल्या आप्पांना ही घाई पटली नाही. "एक मशीन व्हय म्हणतंय, एक न्हाई. तिसऱ्यांदा करा." तिसऱ्यांदा सोनोग्राफीच केली, तीही स्वच्छ आली. "झालं की! दोन विरुद्ध एक," म्हणत आप्पांनी पेढे घेतले आणि गाडी घराकडं वळवली.

मागच्या सीटवर म्हाळसाला राहवेना. नवऱ्याला हलवत ती म्हणाली, "आवो, तुमाला काय वाटतंय, ते तर कुणी इचारलंच न्हाई."

 

मान कलंडलेला मल्हारी तटस्थ राहिला.