सात ते आठ

सात वाजून दहा मिनिटांनी कुलपात किल्ली फिरली, तेव्हा मीटिंगमध्ये ती एकटीच होती.

स्क्रीनवर तिचाच चेहरा आणि खाली एक ओळ: इतर कोणीही उपस्थित नाही. एव्हाना सात खिडक्या उघडलेल्या असायच्या, घरभर परदेशांतले आवाज असायचे. तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. कुठे किती वाजले म्हणजे इथे सात, हा तक्ता तीच करायची आणि सगळ्या टीमला पाठवायची. मीटिंग परदेशातल्या साहेबांच्या सकाळी साडेआठची. त्यांचं घड्याळ तासभर पुढे गेलं की इथे ती सातऐवजी सहाला येते. काही देशांची घड्याळं, साहेबांचंही, कालच्या रविवारी पुढे गेली, काहींची दोन आठवड्यांनी जाणार होती. तिने सगळी मागाहूनच्या रविवारी धरली होती. म्हणजे बाकीचे कॅलेंडर बघून सहालाच आले आणि मीटिंग झालीसुद्धा, ती फोन घरी ठेवून भाजी आणायला गेली होती तेव्हा.

सात ते आठ ही वेळ तिनेच मागून घेतली होती. टीम म्हणायची, ही कामाला वाघ आहे. खरं कारण आता दारात बूट काढत होतं.

नवरा तसा सभ्य होता. म्हणजे लोकांदेखत सभ्य. कॅमेऱ्याचा दिवा दिसला की तो तिच्याजवळ पाण्याचा ग्लास ठेवून, पाय न वाजवता आत जायचा. दिवसभर वरिष्ठांचं ऐकून घेतलेलं कोणावर तरी काढायचं असायचं, पण आठपर्यंत जेवला की तो निवायचा. तीन महिने तिच्या अंगावर नवा वळ नव्हता.

"हो, कळवते मी," ती रिकाम्या स्क्रीनला म्हणाली. "आवाज तुटतोय तुमचा."

तो थांबला. पाण्याचा ग्लास त्याच्या हातात होता.

"कोणाशी बोलतेस गं?"

"मीटिंग आहे."

तो मागे येऊन उभा राहिला. स्क्रीनवर आता तिच्या डोक्यावर त्याचा चेहरा होता. त्याने खालची ओळ वाचली. मग भिंतीवरचा तक्ता वाचला, सावकाश. सोमवार ते शुक्रवार, सात ते आठ.

"तीन महिने," तो म्हणाला. "तीन महिने मूर्ख बनवलंस मला?"

ग्लास त्याने टेबलावर नीट ठेवला. मग तिचे केस धरून तोंड कीबोर्डवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात ओठात घुसला. तिने टेबलाची कड पकडली, तर त्याने तिची करंगळी उलटी वाकवली, मोडेपर्यंत. ती ओरडली नाही. ओरडलं की त्याला चेव येतो, हे तिला ठाऊक होतं.

"बोलव ना! बोलव कोणाला बोलवायचंय ते!"

लाथ बसली तशी ती खुर्चीसकट कोसळली. तो तिच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. आज हा थांबणार नाही, हे तिला दिसलं.

"मला उशीर झाला का?"

आवाज टेबलावरून आला. टीममधले सगळ्यात वयस्कर, सगळे त्यांना आजोबाच म्हणत. कॅलेंडरशी त्यांचं जमत नसे. ते तिच्या तक्त्यावर चालत, आणि तरी रोज पंधरा मिनिटं उशिरा येत.

गळ्यावरचे हात सुटले. नवरा उठला, केस सारखे करत कॅमेऱ्यापुढे आला.

"नमस्कार सर. ती जरा पडली."

"पाहिलं मी," आजोबा म्हणाले. "रेकॉर्डिंग लावलंय. बाकीच्यांनाही बोलावतोय. बसा."

त्याने खुर्ची उभी केली आणि बसला.

"समोर आजचा अजेंडा आहे. वाचा. मोठ्याने वाचा, थांबू नका." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, तू जा."

ती भिंतीला धरून उठली. स्क्रीनवर एकेक खिडकी उघडत होती. कोणाकडे पहाट, कोणाकडे भर दुपार. सगळे त्याच्याकडे बघत होते. नवऱ्याने घसा साफ केला.

दार तिने उघडंच ठेवलं. त्याचा आवाज येतोय तोवर तो खुर्चीत आहे, एवढंच गणित आता करायचं होतं. मोडकी करंगळी छातीशी धरून ती अनवाणी जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर पहिला मुद्दा संपला. पहिल्या मजल्यावर ती कठड्याला टेकली, आणि वरचा आवाजही क्षणभर थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला.

ती खालच्या दारातून बाहेर पडली तेव्हा तो वर, अगदी अदबीने, वाचत होता, "मुद्दा तिसरा. सर्वांना सोयीची वेळ ठरवणे."