गल्लीतल्या अठरा बाटल्या

"सतरा माणसांचा आकडा एकच कसा येतो, एवारिस्तोभाऊ?"

इलियाना बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यावर गल्लीतल्या अठराही ऊसतोड्यांची नावं होती.

ऊसतोड करणाऱ्यांची मूत्रपिंडं ऐन तिशीत का निकामी होतात, हे मोजायला बाई राजधानीतून आल्या होत्या. आकड्यांच्या डॉक्टर. सुई नाही, गोळी नाही; घरोघर बाटल्या वाटायच्या, सकाळची लघवी गोळा करायची आणि गणित मांडायचं. यादी कारखान्याला जाणार नाही, असं त्यांनी भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं. गल्लीने मान डोलावली, विश्वास मात्र कुणी ठेवला नाही. ज्याचा आकडा वाईट, त्याच्या हातातला कोयता हंगामाआधीच गेला, असंच सगळे धरून चालले.

म्हणून बाटल्या एवारिस्तोच्या परसात आल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षीही तो एकटा दोघांचा ऊस तोडे. त्याने आजारपणात खाट धरलेली कुणी पाहिली नव्हती. मोबदल्यात कुणी केळीच्या पानात उकडलेले नाकातामाल आणले, कुणी कोंबडी.

पहिला आला त्याचा मेहुणा कासिमिरो. माणूस इतका वाळलेला, की पुढची शवपेटी याचीच, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत.

"दाजी, काठोकाठ भरा हं."

"मी काय नळ आहे, मुडद्या? रांगेत उभा राहा."

बायको नुबिया पाण्याचे तांबे आणून आणून थकली. "आपली गाय एवढं देती ना," ती म्हणाली, "तर मी राणी झाले असते."

आता त्यातलं काहीच हसण्याजोगं वाटत नव्हतं.

"एकाच गल्लीतली माणसं, बाई," तो म्हणाला. "एकाच विहिरीचं पाणी पितो."

"जुळ्या भावांचेही आकडे असे जुळत नाहीत. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी तीनदा तपासलं."

पंखा डोक्यावर गरगरत होता, तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला. सतरा घरांची चूल त्याच्या जिभेवर होती. एक शब्द घसरला की संपलं.

"मला काय ठाऊक? मी आपली माझी बाटली दिली."

"तेवढीच वेगळी आली आहे."

बाईंनी टोपण लावून पेन खाली ठेवलं, आणि त्यांचा आवाज अचानक मऊ झाला. त्या मऊपणाचीच त्याला जास्त भीती वाटली.

"सांगायचं नसेल तर राहू द्या. कारखान्याला मी कागद दाखवणार नाही, हे मात्र खरं आहे. आता निरोप तुम्हीच द्या, तुमचं ते ऐकतील. सतराही जणांनी उद्याच मोठ्या इस्पितळात यायचं. हा आकडा खरा असेल तर त्यांची मूत्रपिंडं संपत आली आहेत. वर्ष निघालं तरी नशीब." त्यांनी शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "अख्ख्या गल्लीत धडधाकट माणूस एकच, तुम्ही."

एवारिस्तोने टेबलाची कड घट्ट धरली. त्या सकाळी सतरावी बाटली भरल्यावर त्याच्यात थेंबही उरला नव्हता. अठरावी, त्याच्या नावाची, कासिमिरोने भरली होती.