सावकाश जाणारं विमान

"सरळ जाणारं एकही विमान मोकळं नाही हो, काका," तिकिटं काढून देणारी मुलगी म्हणाली.

घड्याळजींनी चेहरा पाडला. आतून मात्र त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सरळ विमान नकोच आहे, हे या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं, याचीच ते वाटभर जुळवाजुळव करत आले होते.

"अरेरे! किती वेळात पोहोचलो असतो?"

"चौदा हजार किलोमीटर आहे ना, सतरा तास. आता दोन ठिकाणी थांबत जावं लागेल. एकतीस तास."

एकतीस! घड्याळजी खूश झाले. तीन महिने बायकोने अबोला धरला होता. तिच्या आईचं भिंतीवरचं घड्याळ वर्षानुवर्षं मागे पडायचं आणि तिला ते तसंच आवडायचं. पण यांचे धंद्यातले हात स्वस्थ बसतील तर शपथ! एका दुपारी त्यांनी ते ठाकठीक केलं आणि घरातलं सगळं बिघडवून ठेवलं. तेव्हापासून ती भिंतीशी बोलायची. "जेवायला वाढलंय म्हणावं," ती भिंतीला सांगायची. "आलोच म्हणावं," घड्याळजीही भिंतीलाच सांगायचे.

आता लेकीला बाळ झालं होतं. तिच्या दारात अशी दोन दिशांना दोन तोंडं घेऊन कसं उभं राहायचं? लेक बाळाचं करील की यांचे रुसवेफुगवे काढील? घरात बायको उठून दुसऱ्या खोलीत जायची. आकाशात जाऊन जाऊन जाईल कुठे?

"खिडकीची जागा तिला द्या, लगतची मला," ते म्हणाले. खिडकीजवळून उठायचं तर 'जरा सरका' एवढं तरी तिला म्हणावंच लागलं असतं.

मग त्यांचा लोभ वाढला.

"याहून सावकाश जाणारं नाही का एखादं? म्हणजे आणखी एक थांबा असलेलं? पाय मोकळे होतात हो."

मुलीला एकदम ठसका लागला. तोंडावर रुमाल धरून तिने बराच वेळ पडद्यावर शोधलं.

"आहे. तीन थांबे, बेचाळीस तास. पण काका, हे कोणीच घेत नाही."

"द्या!" घड्याळजी जवळजवळ ओरडलेच.

घरी आल्यावर त्यांनी तिकिटं टेबलावर ठेवली. "सरळ विमान मिळालं नाही. नाइलाज झाला," असं भिंतीला सांगून ते हातपाय धुवायला गेले.

नळ बंद केला तेव्हा बाहेरून बायकोचा आवाज आला. इतका हसरा आवाज त्यांनी तीन महिन्यांत ऐकला नव्हता. ती लेकीशी फोनवर बोलत होती.

"अगं, सरळ विमान भरलंय म्हणून सांग, असं मी कालच त्या मुलीला बजावून आले होते. दोन थांबे पुरेत म्हटलं. हा तिसरा तुझ्या बाबांनी आपणहून मागून घेतलाय!"