तायवोचा चेहरा

"शोधा ना बाबा निगेटिव्ह! तुम्ही काही टाकत नाही, अख्खं इसेयिन गाव सांगतं."

फोटोवाल्या अयिंदेबाबांनी डिजिटल कॅमेरा टेबलावर ठेवला. केहिंदे दारातूनच बोलत आली होती. चाळिशीची बाई, डाव्या भुवईवर जुना व्रण. बोलताना ती सारखी तो चोळायची.

तिने वाळवीने खाल्लेला फोटो पुढे केला. बाकाच्या दोन टोकांना जुळ्या बहिणी, चारेक वर्षांच्या, एकसारखे झगे. रडवेली केहिंदे शाबूत होती, भुवईवरच्या व्रणासकट. तायवोचा फक्त झगा उरला होता.

"मेल्या वाळवीला नेमकी तीच सापडली! माझं तोंड खायचं होतं. कशी हसायची हो! रोज सकाळी तिच्याशी बोलते मी. आता कुणाशी बोलू?"

"आई काय सांगायची?" बाबांनी हळूच विचारलं.

"हेच, की व्रण ती केहिंदे, बिनव्रणाची तायवो. फोटो काढला आणि आठवड्यात तायवो गेली, म्हणायची. फोटोच्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, आई पाठमोरी रडत होती आणि तुम्ही बिस्किट दिलंत. आता कॉम्प्युटरवर भिंतीएवढा चेहरा करता येतो म्हणे. फक्त निगेटिव्ह द्या."

बाबांनी फोटो तिला परत दिला. मग म्हणाले, "जाळल्या गं पोरी. हा कॅमेरा घेतला तेव्हा. वाटलं, कशाला अडगळ."

"जाळल्या? अहो, लोकांची माणसं होती त्यात!"

बाबांनी मान खाली घातली. ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. फिल्मच्या काळात एकेका फोटोसाठी ते तासभर बसायचे, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यांवरचे डाग झाकायचे. आता दिवसाला दोनशे फोटो काढायचे आणि संध्याकाळी पुसायचे. आयुष्यभराचं काम एका दुपारी पेटवून दिलं, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

"तुझाच हसरा फोटो काढून शेजारी जोडू का? हल्ली लगेच होतं."

केहिंदे ताडकन उठली. "मी म्हणजे तायवो का? खोटी बहीण नकोय मला! तुम्ही तिला दुसऱ्यांदा मारलंत, बाबा."

ती रडत निघून गेली. बाबांनी तिला थांबवलं नाही.

मग त्यांनी दार लावलं आणि फळीच्या मागून बिस्किटाचा गंजका डबा काढला. बाकी सगळ्या निगेटिव्ह खरंच जाळल्या होत्या. ही एक पट्टी तेवढी त्यांच्याने जाळवली नव्हती. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.

एका चौकटीत बाकाच्या उजव्या टोकाला रडवेली केहिंदे, डावं टोक रिकामं. दुसऱ्या चौकटीत उजवं टोक रिकामं, आणि डाव्या टोकाला हातात बिस्किट घेऊन हसणारी केहिंदे, भुवईवरचा व्रण पेन्सिलीने झाकलेला.