पत्र्याचा मग

आमच्या डोंगरमाथ्यावरच्या खाणीत सगळेच खोकतात. थुंकी राखाडी असली की धूळ समजायची आणि कामाला लागायचं. पण त्या सकाळी दादाने पत्र्याच्या मगात थुंकलेला फेस गुलाबी होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते. मुकादमाने मगात डोकावलं आणि त्याचा चेहराच उतरला. "ही धूळ नाही रे. या विरळ हवेत फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या पाझरतात. आत्ताच्या आत्ता खाली ने, नाहीतर हा अंथरुणातच बुडून मरेल." लवकर खाली जायला तारेवरून दगड उतरवणारा पाळणा तेवढा होता. मी दादाला उचलायला गेलो, तर विरळ हवेने त्याचं डोकंही भ्रमलेलं; त्याने मला ओळखलंच नाही. "चोरा, सोड!" म्हणत त्याने तोच मग माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात हलला. वर मनगटाला कडकडून चावला. शेवटी मीही त्याच्या कानाखाली दोन ठेवून दिल्या, दोराने हात आवळले आणि त्याला पोत्यासारखं पाळण्यात टाकलं. अर्ध्या वाटेपर्यंत तो लाथा झाडत मला शिव्यांची लाखोली वाहत होता, आणि प्रत्येक शिवीबरोबर त्याच्या छातीत पाणी उकळल्यासारखं गुरगुरत होतं. नंतर शिव्या थांबल्या. मी त्याच्या छातीला कान लावला. पायथा जवळ आला तेव्हा गुरगुर चालूच होती, पण ओठांचा निळेपणा ओसरला होता. त्याने डोळे उघडले. बांधलेल्या हातात चेपलेला मग तसाच होता. माझं रक्ताळलेलं तोंड तो बघत राहिला. "कोणी मारलं तुला?" त्याने धापा टाकत विचारलं. "नुसतं नाव सांग. हातपाय मोडतो त्याचे."