चित्रातली टोपलीवाली

“ही तर आपली धोंडूबाई.” अण्णांनी साप्ताहिकाचा अंक डोळ्यांजवळ धरला. “हुबेहूब काढलीस.”

वडिलांच्या कौतुकानं उन्मेष ओशाळून हसला. त्याची रहस्यचित्रकथा रत्नागिरीच्या त्या साप्ताहिकात वर्षभर चालू होती. एका बागायतदाराची मुलगी नाहीशी होते आणि तपास काही पुढे सरकत नाही. वाचक कंटाळले. नवीन पात्र आणा, म्हणून संपादकांनी तगादा लावला. तेव्हा उन्मेषनं टोपलीवाली आणली. पहाटे मुलीला होडीत घालून नेणारी, परमुलखात विकणारी मासेवाली. चेहरा सुचेना, म्हणून घरच्या दारात नेहमी मासळी घेऊन येणाऱ्या धोंडूबाईचा वापरला.

मुलगी नाहीशी होण्याचा प्रसंगही त्याला शोधावा लागला नव्हता. त्याची थोरली बहीण ऋजुता, अण्णांनी ठरवलेलं लग्न तोंडावर आलं असताना भाट्याच्या समुद्रात गेली. सापडलीच नाही. तेव्हापासून अण्णांसमोर तिचं नाव कुणी काढत नसे. नावगाव बदललं की झालं, असं उन्मेष स्वतःला सांगत आला होता.

अण्णा बागेत गेल्यावर आईनं अंक उचलला. पाहिला आणि पालथा घातला.

“ही बाई काढून टाक गोष्टीतून.”

“अगं, छापून आली आता.”

“मग पुढे दाखवू नकोस. एवढं ऐक माझं.”

तिचा आवाज कापत होता. ऋजुताचं जाणं आपण असं बाजारात मांडलं. उन्मेषला आईकडे बघवेना.

त्या आठवड्यात धोंडूबाई आळीत आली नाही. उन्मेष मासळीबाजारात गेला, तर तिची जागा रिकामी होती. शेजारी बसणारी मथुरा सुरमई कापत होती. तिनं मान वर केली नाही.

“लोक विचारत होते तिला, पोरगी कुठं विकलीस म्हणून. मस्करीच ती. पण उठून गेली.”

तो तसाच मिऱ्याला धोंडूबाईच्या घरी गेला. तिनं त्याला आत घेतलं, बाहेर एकदा पाहिलं आणि दार लावलं.

“अण्णांनी वाचलान?” तिनं विचारलं.

“हो. हसले फक्त.”

ती मटकन खाली बसली.

“धोंडूबाई, माझं चुकलं,” उन्मेष म्हणाला. “तुमच्या अंगाखांद्यावर वाढलो मी, आणि तुमचाच चेहरा असल्या बाईला दिला. तोंड दाखवायची लाज वाटते. पुढच्या अंकात माफी छापतो.”

“नको. काय छापू नको.”

“मग शिव्या तरी द्या मला.”

धोंडूबाईनं पदरानं डोळे पुसले.

“विकली नाय रे मी ऋजुताला. खेडला आहे ती. तिनं निवडलेलाच घोव, चांगला आहे. दोन पोरं आहेत. शपथ घातलेली म्हणून इतकी वर्षं तोंड उघडलं नाय. तुला कोणी सांगितलान?”

ती त्याच्याकडे बघत राहिली.

“नेलं मीच,” ती हळूच म्हणाली. “पण हात धरून होडीत बसवलान तिला तुझ्या आईनं.”